वाचक विचारतात : नवं घर आणि एनर्जीचे नियम

प्रश्न : नवीन घर बांधतोय. मंजुरीसाठी एनर्जीचं कॅल्क्युलेशन (घर गार-गरम ठेवायला किती ऊर्जा लागेल त्याचा हिशोब) लावायचंय आणि त्यात आमचं घर बसतच नाहीये. आर्किटेक्ट म्हणतात सगळीकडे डबल ग्लास लावा, पास होईल. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आत्ता कागदावर दाखवा, बांधताना बघू. कोणाचं ऐकू?

उत्तर : कॉन्ट्रॅक्टरचं तर नकोच. पूर्ण झाल्यावर तपासणी असेल तर तेव्हा तो नसेल, तुम्ही असाल, आणि तपासणी नसली तरी विजेचं बिल तुमच्याच नावावर येणार आहे.

आता डबल ग्लास. वाईट काही नाही, पण आधी छत बघा. एक मजली घराचं छत १०० चौरस मीटर आणि सगळ्या काचा मिळून २० चौरस मीटर धरा. साध्या काचेचा यू-व्हॅल्यू (म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा) साडेपाचच्या आसपास असतो, साध्या डबल ग्लासचा पावणेतीनच्या, म्हणजे दर अंशाला वाचले ५०-५५ वॅट. तेच नुसत्या काँक्रीट स्लॅबचा साडेतीन-चार असतो आणि वर ५० मिलिमीटर चांगलं इन्सुलेशन टाकलं की ०.६ च्या आसपास येतो, वाचले जवळजवळ ३०० वॅट! मग पैसे आधी कुठे घालायचे ते तुम्हीच ठरवा. फक्त वर वॉटरप्रूफिंग नीट करून घ्या, बरीचशी इन्सुलेशनं भिजली की काही कामाची राहत नाहीत.

आणि साधी डबल ग्लास ऊन फारसं अडवत नाही हो, हे बरेच जण विसरतात. गरम हवेच्या भागात घर असेल तर ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं, आतला पडदा म्हणजे घरात शिरलेल्या चोराला दार लावणं. पश्चिमेचं ऊन खाली उतरलेलं असतं, तिथे छज्जा पुरत नाही, बाहेरून शटर किंवा उभ्या फळ्या लागतात. थंड भागात मात्र हिवाळ्यातलं ऊन आत हवंच असतं, तिथे सरसकट झाकू नका. फ्रेमपण बघा, ॲल्युमिनियम पीव्हीसीच्या जवळपास हजारपट उष्णता वाहून नेतं, मध्ये थर्मल ब्रेक (उष्णता अडवणारा प्लास्टिकसारखा तुकडा) नसेल तर महाग काच घेऊनही पैसे बरेचसे वाया.

हे सगळं बदलून कॅल्क्युलेशन परत चालवायला सांगा, मग कमी पडलं तर डबल ग्लास आहेच.

प्रश्न : आमच्याकडे हवा गळतीची टेस्ट कंपलसरी आहे. घर इतकं पॅक केलं तर गुदमरायला नाही का होणार?

उत्तर : फटीतून येणारी हवा आपल्या मर्जीने येत नाही, वारा सुटला की नको तेवढी आणि वारा पडला की शून्य. म्हणून फटी बंद करायच्या आणि हवा ठरलेल्या जागेतून घ्यायची, म्हणजे किचन-बाथरूमला एक्झॉस्ट आणि बाकी खोल्यांत ताजी हवा यायला व्हेंट. हे दुसरं विसरलात तर मात्र भिंतीला बुरशी धरते.

टेस्टमध्ये दारात मोठा पंखा लावून ५० पास्कल दाबाचा फरक करतात आणि हवा किती गळते ते मोजतात. पॅसिव्ह हाऊसची (अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठीचं एक कडक मानक) मर्यादा तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पट इतकी कडक आहे, साधे नियम सहसा एवढे कडक नसतात. गळती बहुतेक वायरी-पाइपांच्या भोकांतून आणि चौकटीच्या कडेनेच निघते, त्यामुळे एक टेस्ट फॉल्स सीलिंग आणि फर्निचरच्या आधीच करून घ्या, नंतर सापडलेली फट बुजवायला केलेलं काम उचकटावं लागतं.