इन्स्पेक्शनच्या आधी कागद किती करायचे?

प्रिय मुली,

काल रात्री साडेअकराला तू पाठवलेला फोटो मी सकाळी पाहिला. जेवणाच्या टेबलावर तीन जाडजूड फायली, प्रत्येकीला रंगीत चिकटपट्ट्या, लॅपटॉपवर अर्धवट भरलेला तक्ता आणि कडेला साय धरलेला चहा. खाली एवढंच लिहिलंस, "मावशी, एवढं पुरे होईल का?"

पुरे? त्यातलं निम्मं आधी टेबलावरून उचल, मग बोलू.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. चाइल्डमाइंडरने, म्हणजे आपल्यासारख्या स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाईने, स्वतःच्या कामाचं मूल्यमापन लिहून ऑफस्टेडला, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी तपासणी खात्याला, दिलंच पाहिजे, असा नियम नाही. पूर्वी त्यासाठी 'सेल्फ इव्हॅल्युएशन फॉर्म' नावाचा ऑनलाइन फॉर्म होता, त्याला आम्ही 'सेफ' म्हणायचो. नाव सेफ, पण भरताना जीव मुठीत. सक्तीचा तो तेव्हाही नव्हता. पण इन्स्पेक्टर येण्याआधी तो वाचणार हे माहीत असताना कोरा ठेवायची हिंमत कोणाची होणार? एप्रिल २०१८ मध्ये ऑफस्टेडने तो बंद केला. आता इन्स्पेक्टर घरी येते, मुलांबरोबर तुला काम करताना बघते आणि बोलता बोलता विचारते, की तुमचं काय चांगलं चाललंय, कुठे कमी पडताय, ते तुम्हाला कसं कळलं आणि त्यावर तुम्ही काय केलंत? उत्तर तोंडी दिलं तरी चालतं.

मग तू रात्री साडेअकरापर्यंत काय करत होतीस? मला माहीत आहे, कारण आपण दोघी एकाच गिरणीचं पीठ. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री मैत्रिणीचं जर्नल समोर ठेवून आपलं पूर्ण करायचं, आकृत्यांना पेन्सिलीने छाया द्यायची, सकाळी बाईंची सही घ्यायची. प्रयोग केला की नाही हे कोणी विचारायचं नाही, जर्नल पूर्ण आहे ना एवढंच बघायचे. ती सवय आपल्या हाडात मुरली आहे. परीक्षक येणार म्हटलं की हात आपोआप कागदाकडे जातात. इथे मात्र परीक्षक जर्नल बाजूला ठेवते आणि म्हणते, प्रयोग करून दाखवा.

माझी फजिती तुला आजवर सांगितली नव्हती. २०१२ साली मी तो सेफ भरला होता. तीन आठवडे, मुलं घरी गेल्यावर, रोज रात्री. भरून छापला तर चौदा पानं झाली, तीही फाइलला लावली. त्यात एक वाक्य होतं, मला फार आवडलेलं: मुलांनी आपली कामं आपण करावीत म्हणून मी त्यांना सतत प्रोत्साहन देते. इन्स्पेक्टर बाई आल्या त्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि पार्कात जायची वेळ झाली होती. पाच वर्षांखालची तीन मुलं. मी घड्याळाकडे बघत एकेकाचे हात बाह्यांत कोंबले, सर्र सर्र चेन ओढल्या, टोप्या घातल्या. चार वर्षांची एक पोरगी चेनचं टोक घट्ट धरून म्हणत होती, "मी करते, मी करते." मी तिची बोटं हळूच सोडवली आणि म्हटलं, "नंतर हं राणी, उशीर झालाय." बाई जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसून लिहीत होत्या.

रिपोर्ट 'गुड' आला. पण सुधारणेच्या शिफारशीत ठळक लिहिलं होतं, की मुलांना स्वतःचं स्वतः करायची संधी आणखी द्यावी. माझी चौदा पानं त्यांनी वाचली नव्हती असं समजू नकोस. वाचली होती, म्हणूनच त्यांचं पेन नेमकं कोटापाशी थांबलं. तू जे लिहून ठेवशील तेच तुझ्या घरात शोधलं जाणार. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी चौदाऐवजी एकच पान लिहिलं असतं, आणि खरं लिहिलं असतं.

ते पान मी नंतर लिहायला लागले. दोनशे पानी साधी वही, किराण्याच्या हिशेबाला असते तशी. पहिल्या नोंदीत तीनच ओळी आहेत. कोट मीच घालते, कारण मी उशिरा निघते. खुंट्या मुलांच्या खांद्याइतक्या खाली लावल्या. उद्यापासून वीस मिनिटं आधी तयारी सुरू. आठवड्याने खाली भर आहे: पहिल्या दिवशी सगळ्यांना मिळून एकोणीस मिनिटं लागली, आज अकरा.

कोटाची युक्तीही घे, तुझ्या उपयोगाची आहे. कोट जमिनीवर उघडा पसरायचा, आतली बाजू वर आणि टोपी पोराच्या पावलांकडे. पोराने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि हात वर करून अख्खा कोट डोक्यावरून मागे टाकायचा. अडीच वर्षांची मुलं चार दिवसांत शिकतात आणि मग दिवसातून दहा वेळा करून दाखवतात. पुढच्या इन्स्पेक्शनला, "गेल्या वेळेपासून काय बदललंत?" असं विचारल्यावर मी वही उघडून ही हकीकत सांगायला लागले. माझं वाक्य संपायच्या आत एका पोरीने स्वतःचा कोट आणून हॉलमध्ये पसरलासुद्धा. स्व-मूल्यमापनाचा याहून चांगला पुरावा मला पुढे कधी देता आलेला नाही.

म्हणून तुझ्यासाठी माप सांगते: महिन्याला एक पान, त्याहून जास्त नाही. काय जमलं, काय नाही, काय बदललं, बदलल्यावर काय झालं. एखाद्या आईने दारात निरोप घेताना काही म्हटलं तर तिच्याच शब्दांत टिपून ठेव. एखादं पोर तुझ्या एखाद्या खेळाकडे फिरकत नसेल तर तेही टीप, आणि तो खेळ मांडणं बंद केलंस हेही. वाईट गेलेल्या दिवसाची नोंद गाळू नकोस. इन्स्पेक्टर बायका अनुभवी असतात, नुसत्या गोड वहीचा त्यांना लगेच वास येतो.

इंटरनेटवर विकत मिळणारे तयार नमुन्यांचे गठ्ठे घेऊ नकोस. तुझ्या फोटोत एक दिसलाच मला, वरच्या कोपऱ्यात कोणातरी दुसऱ्याच नर्सरीचं नाव तसंच राहिलंय. ते आजच फाड.

आता दुसरा ढीग. घोळ होतो तो इथेच. स्व-मूल्यमापन ऐच्छिक आहे म्हणून सगळेच कागद ऐच्छिक आहेत असं समजशील तर बुडशील. माझ्या ओळखीतल्या एकीकडे चित्रांनी सजवलेलं सुंदर मूल्यमापन होतं आणि बालकांच्या फर्स्ट एडचं सर्टिफिकेट पाच आठवड्यांपूर्वी संपलेलं. तीन वर्षं चालतं ते, तारखेची कोणी आठवण करून देत नाही.

मुलांच्या हजेरीच्या वेळा, आईवडिलांचे आणि अडीनडीला बोलवायच्या माणसांचे नंबर, अ‍ॅलर्जी, अपघात आणि त्यावर केलेला उपचार, प्रत्येक औषधासाठी पालकांची लेखी परवानगी आणि दिल्याची वेळ, तक्रार आली असेल तर तिचं काय झालं ते, हे सगळं हवंच. दोन ते तीन वयातल्या मुलाच्या प्रगतीचा छोटा लेखी आढावाही पालकांना द्यावाच लागतो. तापाच्या औषधाचा, कॅल्पॉलचा, एक चमचा दिलास तरी नोंद, आणि त्याच दिवशी पालकांना कळवणं. यात कंटाळा नको.

धोरणांची गोष्ट वेगळी. जानेवारी २०२४ पासून चाइल्डमाइंडरसाठी ईवायएफएसची, म्हणजे लहान मुलांच्या सांभाळ-शिक्षणाच्या सरकारी चौकटीची, स्वतंत्र प्रत आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की धोरणं आणि कार्यपद्धती लेखी असायची गरज नाही, पण विचारल्यावर समजावून सांगता आली पाहिजेत. म्हणजे तुझी बावीस पानी 'पॉलिसी फाइल' तू ठेवू शकतेस, पण मधलं पान उघडून कोणी विचारलं, की मुलाच्या अंगावर वळ दिसला तर पहिला फोन कुठे करणार, तर उत्तर फाइलीत नव्हे, जिभेवर हवं. सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या, प्रश्नाला "एक मिनिट हं, बघून सांगते" हे उत्तर होऊ शकत नाही. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, बालसुरक्षा विभागाचा नंबर फ्रिजवर लाव आणि पाठही कर.

आपल्या घरांत एक खास भानगड असते म्हणून सांगते. तू जिथे मुलं सांभाळतेस त्या घरात राहणाऱ्या, सोळा पूर्ण झालेल्या प्रत्येकाची गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी व्हावी लागते. माझा मुलगा सोळाचा झाला तेव्हा केक आणायच्या गडबडीत मी जवळजवळ विसरलेच होते. आणि तुझे सासू-सासरे साताऱ्याहून उन्हाळ्यात पाच-सहा महिन्यांसाठी येणार म्हणालीस ना? तिकिटं काढायच्या आधी ऑफस्टेडला ईमेल करून विचार, उत्तर जपून ठेव. आपल्याला ते 'आई आल्यात' असं वाटतं, त्यांच्या भाषेत मात्र ती 'घरात राहणारी प्रौढ व्यक्ती' असते.

भाषेचीही मनात धाकधूक आहे तुझ्या, मला माहीत आहे. हजेरी, अपघात, औषध या नोंदी इंग्रजीतच ठेव. गरज पडली तर डॉक्टरला, कौन्सिलला त्या वाचता आल्या पाहिजेत. पण तुझी ती महिन्याच्या पानाची वही तुझी आहे, ती मराठीत लिही. मी आजही मराठीतच लिहिते, कारण इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून 'प्रोत्साहन देते' छापाची वाक्यं उतरतात आणि मराठीत "आज फार ओरडले पोरांवर" असं सरळ येतं. फक्त ती पानं इंग्रजीत तोंडाने सांगायची सवय कर. भांडी घासताना, मोठ्याने. नवरा हसेल, हसू दे.

आपलं दुसरं दुखणं म्हणजे स्वतःबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की जीभ अडखळते. "काही विशेष नाही हो, आम्ही आपलं असंच खेळतो," हे वाक्य इन्स्पेक्टरसमोर तोंडातून काढू नकोस. तुझ्याकडे येणाऱ्या त्या गुजराती घरातल्या छोट्याशी तू 'पाणी', 'चांदो', 'आव' एवढे त्याचे शब्द शिकून बोलतेस, ते काही विशेष नाही? ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशा मुलांना ती भाषा वापरायला मिळावी म्हणून प्रयत्न करणं ईवायएफएसमध्येच लिहिलेलं आहे. तू ते कोणी न सांगता करतेस. तसं सांग. बढाई नाही ती, माहिती आहे.

नोव्हेंबर २०२५ पासून शेरे बदललेत, ते ऐकून घाबरू नकोस. पूर्वीच्या 'आउटस्टँडिंग', 'गुड'च्या एका शब्दाऐवजी आता रिपोर्ट कार्ड मिळतं आणि वेगवेगळ्या बाबींना वेगवेगळा शेरा असतो. 'एक्स्पेक्टेड स्टँडर्ड' वाचून आपल्याला 'जेमतेम पास' वाटतं, तसं ते नाही. जे व्हायला हवं ते व्यवस्थित होतंय असा त्याचा अर्थ. समावेशकतेकडे आता वेगळं लक्ष असतं, म्हणजे ज्या मुलाला इतरांपेक्षा जास्त मदत लागते त्याच्यासाठी तू काय करतेस ते. तिथे कागदापेक्षा त्या मुलाची तुला असलेली ओळख कामाला येते. त्याला कशाचा आवाज सहन होत नाही, कुठल्या कोपऱ्यात तो शांत होतो, आईला तू रोज काय कळवतेस.

आणि मुलांच्या निरीक्षणांचे ते रंगीत ट्रॅकर? २०२१ मध्ये ईवायएफएस बदललं त्यामागे हा कागदी भार कमी करायचा हेतूही होता. मुलांपासून उठून फार वेळ लिहीत बसू नका, असं त्या चौकटीतच सांगितलंय. तुझ्या फोटोत एकेका मुलाची पन्नास-साठ निरीक्षणं दिसली. खरं सांग, त्यातली किती पुन्हा उघडून वाचलीस? दर मुलामागे दोन-तीन चांगली ठेव, ज्यावरून पुढे काय करायचं ते तू ठरवलंस. बाकीचे फोटो आईवडिलांना दे, त्यांना त्याचं सोनं वाटेल.

इन्स्पेक्टर येण्याआधी फोन येतो, घरी मुलं कधी असतात ते विचारायला. तो आला की नवं काही लिहायला बसू नकोस. सक्तीचा ढीग एका फायलीत लाव, वही वर ठेव आणि रात्री दहाला झोप. सकाळी मुलं आली की नेहमीसारखी पोह्यांची नाहीतर टोस्टची ताटली मांड आणि खाताना त्यांच्यासमोर बस. चहा करायला आत जाऊ नकोस. बाई आल्यावर त्यांना ओळखपत्र दाखवायला सांगायला लाजू नकोस, दारात आलेल्या कोणालाही ओळख न पटवता आत न घेणं हाच तर सेफगार्डिंगचा पहिला पेपर. त्या मुलांशी बोलतील, तुझ्याशी बोलतील, तू मध्येच नॅपी बदलायला उठशील. उठ. गप्पा थांबल्या तर थांबू देत, त्याही तेच बघायला आल्यात.

शनिवारी दुपारी ये. फायली आणू नकोस, येताना वाटेत एक कोरी वही घे. आणि हे वाचून झालं की लगेच उठून फर्स्ट एडच्या सर्टिफिकेटवरची तारीख बघ आणि मला मेसेज कर.

तुझी,
मावशी