वाचक विचारतात : सुडासाठी पुनर्जन्म

प्रश्न : कापूस वेचून आम्ही घरी येतो, तेव्हा मुलगा मोबाइलवर जपानी ॲनिमे मालिका पाहत असतो. तिचा नायक विश्वासघाताने मारला जातो आणि सुडासाठी पुन्हा जन्मतो. ही कल्पना परकी नाही का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : मुळीच नाही. जपानीत अशा पुनर्जन्माला ‘तेन्सेई’ म्हणतात आणि ही धारणा बौद्ध धर्माबरोबर तिकडे रुजली. आपल्या महाभारतात भीष्मांनी हरण केलेली आणि त्यामुळे शाल्वाने नाकारलेली काशीराजकन्या अंबा सुडासाठीच द्रुपदाच्या घरी पुन्हा जन्मली, आणि शिखंडी झालेल्या तिलाच पुढे ठेवून अर्जुनाने युद्धाच्या १०व्या दिवशी भीष्मांना पाडले. मला तर अंबेचे दुःखच अधिक खोल वाटते. मुलाला दटावू नका. ही कथा त्याला अवश्य सांगा.