जोडीनं पटायाला जावं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परदेश सहलीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं तर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडनं पत्रं आली आणि बरीचशी फिरून फिरून एकाच गावावर, थायलंडमधल्या पटायावर. म्हणून यावेळचं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, मोकळेपणानं विचारलंय तसं मोकळेपणानंच सांगते.

प्रश्न : लग्नाला वीस वर्षं झाली. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, मुलगी शिकायला बाहेर गेली. आम्ही दोघंच असं कधी कुठं गेलो नाही, गोव्याला गेलो ते पण सगळ्या गोतावळ्यासकट. आता मिस्टर पटायाला जाऊया म्हणालेत. घरात सांगितलं तर जाऊबाई हसायला लागल्या, मामेभाऊ म्हणाला तिथं बायकोला घेऊन कोण जातंय. मला लाज पण वाटालीय आणि भीती पण. जावं की नको? (एक भगिनी, अनगोळ)

उत्तर : ताई, जावा. लाज वाटून घ्यायचं काहीच कारण नाही, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही.

त्या गावाचं नाव असं का झालं ते आधी ऐका. पटाया हे मूळचं मासेमारीचं गाव, थायलंडच्या आखाताच्या काठावर, बँकॉकपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे सैनिक थायलंडमध्ये तळावर होते, ते सुट्टीला इथं यायचे, त्यांच्यासाठी बार उभे राहिले, नाचगाणी आली, बायकांचा बाजार आला, आणि युद्ध संपून सैनिक गेले तरी तो धंदा मागं राहिला. ही बाजू खोटी नाही आणि ती तुमच्यापासून लपवण्यात अर्थ पण नाही. पण ते सगळं पटाया नव्हे. वॉकिंग स्ट्रीट म्हणतात तो जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा रस्ता आणि इकडंतिकडं काही गल्ल्या, बाकी शहरात माणसं राहतात, शाळा आहेत, बाजार आहे, बौद्ध मंदिरं आहेत, आणि शनिवार-रविवारी बँकॉकची थाई कुटुंबं पोराबाळांना, आजीला घेऊन समुद्रावर येतात, आपल्याकडची चोर्ला घाटातनं गोव्याला उतरतात तशीच. गोव्यातला गजबजलेला बागा बीच वेगळा आणि शांत पाळोळे वेगळं हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको, पटायाचं पण तेच आहे.

म्हणून हॉटेल कुठल्या भागात घेता यावर तुमची निम्मी ट्रिप ठरते, आणि एजंटनं दिलेलं पॅकेज डोळे झाकून घेऊ नका, त्यात बऱ्याचदा मधल्या गजबजाटातलं हॉटेल असतं. उत्तरेला नाक्लुआ आणि वोंगामात बीच, तिथं शांत आहे आणि वाळू स्वच्छ. मध्ये बीच रोड, तिथं मॉल, दुकानं, रात्रभर गर्दी. त्याच्या दक्षिण टोकाला वॉकिंग स्ट्रीट. मग प्रतुम्नाक टेकडी, जिच्यावर १८ मीटरची सोनेरी बुद्धमूर्ती आहे, आणि टेकडी ओलांडली की जोमतिएनचा लांबच लांब किनारा. तुम्हा दोघांसाठी मी वोंगामात नाहीतर जोमतिएन सांगेन. संध्याकाळी नुसतं हातात हात घालून चालायचं म्हटलं तरी कुणी वळून बघत नाही, वीस वर्षं एकत्र घरात काढलेल्या बाईला ही गोष्ट किती मोठी वाटते ते मला माहितेय.

आणि तुमच्या त्या भीतीबद्दल. मिस्टरांना सरळ विचारा, तुम्हाला तिथं काय बघायचंय. मनात ठेवून जाऊ नका, कारण मग तिथं त्यांनी कुणाकडं नुसतं बघितलं तरी तुमची संध्याकाळ जाणार. त्यांना वॉकिंग स्ट्रीट बघायचा असेल तर दोघं मिळून सात-आठ वाजता एक चक्कर मारा, त्या वेळी रस्ता गाड्यांना बंद असतो, दिव्यांचा झगमगाट असतो, बायकामुलांसकट आलेले टुरिस्ट पण असतात. दारात उभ्या असलेल्या मुलींचे फोटो मात्र काढू नका, त्या पोटासाठी तिथं उभ्या आहेत आणि त्यांची पण घरं आहेत, आईवडील आहेत. नको वाटलं तर बाहेर पडा, पाच मिनिटाचं काम आहे.

एक जागा मात्र चुकवू नका, नाक्लुआतलं सँक्चुअरी ऑफ ट्रुथ. समुद्राच्या अगदी काठावर शंभर मीटरहून उंच नुसत्या लाकडाचं मंदिर, लेक विरियाफांत या श्रीमंत थाई माणसानं १९८१ मध्ये सुरू केलं, तो गेला तरी काम अजून चालूच आहे, त्यामुळं आत जाताना डोक्यावर हेल्मेट देतात आणि शेजारी कारागीर छिन्नी-हातोडा घेऊन बसलेले दिसतात. बुद्धाबरोबर ब्रह्मदेव, गणपती, आपले कितीतरी देव त्या लाकडात आहेत. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं, त्या जैन मंदिराचं, दगडी कमळ बघत वाढलेल्या माणसाला तिथं वेळ पुरणार नाही, अर्धा दिवस ठेवा. तिकीट पाचशे बाटच्या (बाट म्हणजे तिथलं चलन) आसपास, महाग वाटेल, पण पटायातला सगळ्यात सार्थकी लागणारा पैसा हाच. गुडघे-खांदे झाकलेले कपडे घाला.

प्रश्न : निपाणीहून जायचं तर विमान कुठनं धरावं? तिथं उतरल्यावर पटायापर्यंत कसं जायचं? एजंट टॅक्सीचे बरेच पैसे सांगालाय. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : बँकॉकची थेट विमानं मुंबईहून पण आहेत आणि बेंगलोरहून पण, चार-साडेचार तासाचा प्रवास. निपाणीहून मुंबईला रात्रीची बस सोयीची. बेळगावकरांना सांबऱ्याहून दोन्हीकडं विमान मिळतं, नाहीतर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं सकाळी बेंगलोरला उतरायचं, पण तिथलं विमानतळ पार देवनहळ्ळीला, गाव ओलांडायलाच तास-दोन तास जातात, तेव्हा सकाळी उतरून दुपारचं विमान असला हिशोब करू नका, रात्रीचंच घ्या.

बँकॉकला विमान सुवर्णभूमीला उतरतं की दुसऱ्या विमानतळाला, डॉन मुआंगला, ते तिकिटावर बघून घ्या. सुवर्णभूमी असेल तर टॅक्सी कशाला, खालच्या मजल्यावरनं पटाया-जोमतिएनची थेट बस सुटते, दीडशे बाटच्या आत-बाहेर तिकीट, दोन-अडीच तासात पोचवते. एक बाट म्हणजे आपले अडीच ते तीन रुपये धरा. चौघं असाल, सामान जास्त असेल, मध्यरात्री उतरत असाल तरच टॅक्सी परवडते. गावात फिरायला सोंगथेव, म्हणजे मागं दोन बाकं टाकलेल्या निळ्या पिकअप. ठरलेल्या रस्त्यावरनं सारख्या फिरत असतात, हात करायचा, मागं बसायचं, उतरायचं तिथं बेल दाबायची आणि उतरून पैसे द्यायचे, माणशी दहा-वीस बाटात काम होतंय. चढायच्या आधी ‘किती घेणार’ असं विचारलंत की तो तुम्हाला एकट्यांना भाड्यानं गाडी पाहिजे असं समजून दोनशे सांगतो, म्हणून काही न विचारता बसायचं. बीच रोडवर गाड्या उत्तरेकडनं दक्षिणेला जातात आणि मागच्या सेकंड रोडवर उलट येतात, एवढं लक्षात राहिलं की गाव कळलं.

कागदपत्रं : पासपोर्टची मुदत निदान सहा महिने पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असतं, तिकीट पासपोर्टवरच्या नावानंच काढा, अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. भारतीयांना टुरिस्ट म्हणून जायला २०२३ च्या नोव्हेंबरपासून आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण हे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी सरकारी साइटवर बघाच. आणि १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसात, ऑनलाइन. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी.

प्रश्न : आम्ही दोघं माळकरी. जावयानं तिकिटं काढून दिलीत, पण तिथं खायचं काय या काळजीनं हिला झोप नाही. (एक काका, खानापूर)

उत्तर : काका, काकूंना सांगा उपाशी राहायची वेळ येणार नाही. पटायात भारतीय हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, पोळी, डाळ, भाजी मिळते, काही ठिकाणी फक्त शाकाहारी पण आहे. सांभाळायचं ते थाई जेवणात, कारण वरनं नुसती भाजी दिसली तरी आत माशाचा रस असतो. त्याला नाम प्ला म्हणतात, आपण मीठ टाकतो तसा ते सगळ्यात टाकतात, पपईच्या कोशिंबिरीत तर सुकी कोळंबी पण असते. ‘माई साई नाम प्ला’ म्हणजे माशाचा रस घालू नका, हे कागदावर थाईत लिहून घेऊन जा आणि दाखवा. तिथल्या बौद्ध लोकांत ‘जे’ नावाचं कडक शाकाहारी जेवण असतं, त्यात कांदा-लसूण पण चालत नाही, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, ती पाटी दिसली की बिनधास्त बसा. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा नक्की खा. बरोबर दशम्या, शेंगाचटणी, मेतकूट घ्या, पहिल्या दिवशी उपयोगी पडतं.

प्रश्न : ऊस गेल्याशिवाय आम्हाला सवड नाही, म्हणजे एप्रिल-मे. चालेल का? (एक शेतकरी, चिकोडी तालुका)

उत्तर : चालेल, पण ऊन लई असतंय, घामानं भिजायची तयारी ठेवा. चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नेमका तुमचा गळिताचा हंगाम, त्याला इलाज नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर तेवढे टाळा, तिथला मोठा पाऊस तेव्हा. एप्रिलात १३ ते १५ सोंगक्रान, त्यांचं नवीन वर्ष, रस्त्यावर एकमेकांवर पाणी टाकायचा सण, आणि पटायात ते १९ तारखेपर्यंत चालतं. आवड असेल तर मुद्दाम त्याच दिवसात जावा, मोबाइल प्लास्टिकच्या पाकिटात घालून. शांतता पाहिजे असेल तर २० नंतर.

प्रश्न : नवीन लग्न झालंय, मला जेट स्की आणि स्कूटर दोन्ही पाहिजे, बायको नको म्हणतीय. तिला समजावून सांगा. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : मी तुमच्या बायकोच्या बाजूनं आहे. पटायाच्या किनाऱ्यावर जेट स्कीची जुनी फसवणूक आहे, परत आणली की आधीचाच ओरखडा दाखवून हजारो बाट मागतात, चार जण भोवती जमा होतात, नवीन माणूस घाबरून देऊन टाकतो. करायचीच असेल तर आधी सगळ्या बाजूनं व्हिडिओ काढा, मालक पण त्यात दिसू दे, आणि पासपोर्ट कुणाच्याही हातात गहाण देऊ नका. वाद झालाच तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५. स्कूटरला इंटरनॅशनल परमिट लागतं, ते जायच्या आधी इथल्या आरटीओतनं काढावं लागतं आणि त्यावर टू-व्हीलर असली पाहिजे. परमिट नसताना पडलात तर इन्शुरन्सवाला हात वर करतो आणि तिथल्या खासगी हॉस्पिटलचं बिल लग्नाच्या खर्चाएवढं होऊ शकतंय.

त्यापेक्षा दोघं को लार्न बेटावर जावा. बाली हाय धक्क्यावरनं साधी बोट, तीस बाट, पाऊण तास, पाणी इतकं निळं की पटायाचा समुद्र विसराल. तावेन बीचवर गर्दी फार, सामे बीच मला जास्त आवडतो. शेवटची परतीची बोट संध्याकाळी सहाच्या सुमाराला, ती उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा. आणि किनाऱ्यावर सिगरेट ओढू नका, बंदी आहे, दंड एक लाख बाटपर्यंत जातो. व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, तर थायलंडमध्ये नेणं सुद्धा गुन्हा.

प्रश्न : तिथले ते कॅबरे शो नवराबायकोनं एकत्र बघण्यासारखे असतात का? (एक वाचिका, टिळकवाडी)

उत्तर : हो, टिफनी आणि अल्काझारचे शो एकत्रच बघावेत. टिफनी १९७४ पासून चालू आहे, मोठं थिएटर, तासाभराचा कार्यक्रम, कपडे, नाच, गाणी, अश्लील काही नाही, लोक मुलांना घेऊन येतात. स्टेजवर असतात त्या बहुतेक सगळ्या ट्रान्सजेंडर कलाकार. पत्र पाठवणाऱ्यांतल्या एकीनं ‘ते हिजडे’ असा शब्द लिहिलाय, तो शब्द मनातनं काढून टाकून जावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या सेवेतल्या, बाईच्या वेशातल्या जोगप्पांपुढं आपण हात जोडतो, त्यांच्याकडनं भंडारा लावून घेतो, मग इथं वर्षानुवर्षं रियाज करून उभ्या राहिलेल्या कलाकाराकडं बघून हसायचं कसं? शो संपला की त्या बाहेर अंगणात थांबतात, फोटो काढला की शंभर बाट देण्याची पद्धत आहे, सुट्टे जवळ ठेवा, आणि फोटोला एक आली आणि दोघी अजून येऊन उभ्या राहिल्या तर तिघींना द्यावे लागतात, आधी सांगा एकच म्हणून. तिकीट थिएटरच्या खिडकीपेक्षा बीच रोडवरच्या ट्रॅव्हल काउंटरवर बहुतेक वेळा स्वस्त पडतं, दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या आणि मधल्या रांगेतली सीट मागा.