फ्लाइंग शिकताना उंचीची चूक आणि हवेत दुसऱ्या विमानाशी टक्कर कशी टाळावी?

आधी क्यूएनएच नीट लावा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या आल्टीमीटरमध्ये भरायचा समुद्रसपाटीचा त्या वेळचा हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये. चुकीचा लावून उडालोय, म्हणून सांगतो.

सेसना १५२, दोन सीटचं छोटं विमान. सोलोचे, म्हणजे एकट्याने उडण्याचे, जेमतेम सहा-सात तास झालेले. महाराष्ट्रातलंच एक मैदान, टॉवर नाही. ब्रीफिंग रूमच्या फळ्यावर क्यूएनएच १०१६ लिहिलेला. तोच लावला आणि गेलो. खरा होता १००६. दहा हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास ३०० फूट. परतताना सर्किटच्या, म्हणजे उतरण्याआधी मैदानाभोवती मारायच्या चकरेच्या, ५०० फूट वरून मैदान ओलांडायचं, तसं ओलांडत होतो. निदान काटे तरी तसं म्हणत होते. प्रत्यक्षात २०० वर होतो. खाली आमच्याच बॅचचा एक जण डाउनविंडला, म्हणजे सर्किटच्या धावपट्टीला समांतर बाजूला, वळत होता, तो १०० फूट जास्त चढलेला. शिकाऊ माणूस तेवढा वरखाली होतोच. आता करा वजाबाकी.

रेडिओवर दोघंही अगदी नियमाने बोलत होतो. त्याने त्याची उंची सांगितली, मी माझी, आणि दोघंही निर्धास्त! मग काचेच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका दिसला. जागचा हलेना, नुसता मोठा होत चालला. काचेवर सरकणारं विमान बाजूने निघून जातं, न सरकणारं तुमच्यावरच येत असतं. वर ओढलं. त्याला मी दिसलोच नाही. सेसनाचे पंख डोक्यावर, वरचं काय दिसणार?

सरांनी सगळ्यांसमोर झापलं. पंधरा दिवस सोलो बंद. "चूक शंभर टक्के तुझी." फळ्याबद्दल चकार शब्द नाही.

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते आणखी खाली गेलं आणि १४,००० वर सौदी जंबो होतं. चूक कझाक पायलटांची, मान्य. पण त्यांच्या रेडिओ ऑपरेटरसमोर स्वतःचा आल्टीमीटर नव्हता, दिल्लीच्या रडारवर उंची दिसत नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट एकच होती. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं, टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. आमच्याकडे काय बदललं? तोच फळा, तोच खडू.

ते यंत्र तुमच्या १५२ मध्ये नसेल, तेव्हा सर्किटमध्ये डोळे बाहेर ठेवा. रेडिओवर ऐकलेली उंची ही समोरच्याच्या आल्टीमीटरची उंची असते, त्याची नव्हे.

आता राहिलेलं सांगून टाकतो, नाहीतर बॅचवाले इथे येऊन सांगतील. त्या दुसऱ्याने फळा पाहिलाच नव्हता. एप्रनवर, म्हणजे विमानं लावायच्या जागेवर, उभ्या विमानात त्याने काटे मैदानाच्या उंचीवर आणले होते. माझे तिथेच ३०० फूट जास्त दाखवत होते आणि मी बघितलं नाही. ही माझी चूक, पूर्ण माझी. पण तो १०१६ फळ्यावर कुणी लिहिला होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.