एकशेवीस रुपयांचं पिल्लू, साडेसात हजारांचा उपचार

प्रश्न: आम्ही कुडाळ तालुक्यात राहतो. दोघांचं मिळून महिन्याला 41,000 येतात. गणपतीसाठी 9,000 बाजूला काढलेत. मुलगी नऊ वर्षांची. गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला 6,000 गेले. तिच्या हट्टापायी आठवडी बाजारातून 120 रुपयांना एक अशी बदकाची चार पिल्लं आणली. चारही पिल्लांना घरच्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाची कणी आणि भात घालत होतो. आठवड्यात तीन गेली. चौथं, तिचा 'लाडू', आता साधारण पंधरा दिवसांचं आहे. पायावर उभं राहत नाही, ढोपरांवर सरपटतं. इथल्या सरकारी डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची कमतरता सांगून थेंब दिले. तरी मन राहवेना म्हणून शहरातल्या प्राण्यांच्या क्लिनिकात नेलं. तपासणी 600, औषधं 850, गाडी 1,200 झाले. ते म्हणतात पाच दिवस ठेवा, 7,500 होतील. मिस्टर म्हणतात तेवढ्यात बासष्ट पिल्लं येतील. मुलीने स्वतःचा गल्ला फोडायला आणून दिलाय, त्यात 840 आहेत. तिच्या पाचवीच्या प्रवेशासाठी माझी महिन्याला 2,000 ची आरडी आहे, 14 हप्ते भरलेत. ती मोडू का? की मिस्टरांच्या क्रेडिट कार्डावर टाकू?

ताई,

आधी आरडीचं बोलतो. 14 हप्त्यांचे 28,000 झाले. साडेसहा टक्के धरले तर आजवरचं व्याज अकराशेच्या आसपास. मुदतीआधी मोडली आणि बँकेने एक टक्का कापला तर तुमचे पावणेदोनशे रुपये जातील. म्हणजे दंडाला घाबरण्याचं काही कारण नाही. मी घाबरतो ते उरलेल्या पैशाला. साडेसात हजार दिल्यावर साडेएकवीस हजार बचत खात्यात मोकळे पडतील, आणि पुढ्यात गणपती आहेत. इतकी वर्षं लोकांचे हिशेब बघतोय. मोडलेल्या आरडीतली उरलेली रक्कम परत आरडीत गेलेली मी दोनदा पाहिली असेन. फारच निकड लागली तर बहुतेक बँका आरडीवर कर्ज देतात, ते घ्या, पण आरडी चालू राहू दे. कार्डाचा विचार तर सोडूनच द्या. पूर्ण बिल भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर त्या व्याजावर जीएसटी.

आता तुमच्या मिस्टरांचं गणित. बासष्ट पिल्लं येतील हे बरोबर, पण हे गणित बादलीचं आहे. बादली फुटली की दुरुस्तीचा खर्च नव्या बादलीशी ताडून बघतात. तुमच्या मुलीला बासष्ट बदकं नकोत, तिला लाडू हवाय. शिवाय जिथे चारातली तीन गेली तिथे बासष्ट आणून काय करणार, हे त्यांना हळूच विचारा. उलट बाजूने तुम्हीही एक चूक करताय. आधी 2,650 घातलेत म्हणून आता मागे कसं फिरायचं, असा सूर पत्रात आहे. ते 2,650 गेले. पिल्लू जगलं तरी गेले, नाही जगलं तरी गेले. पुढचा रुपया टाकताना त्यांना मधे आणू नका.

मग साडेसात हजार द्यायचे की नाही? मी पशुवैद्य नाही, पण मामाकडे वेंगुर्ल्याला बदकं होती आणि एवढं कळतं की खर्चाचे दोन भाग पाडावे लागतात. एक, पिल्लाला जे लागतंय. दुसरा, ते आपल्याऐवजी दुसऱ्या कोणी करावं म्हणून मोजायचे पैसे. तुम्ही लिहिलंय की चारही पिल्लांना घरच्या सुरय तांदळाची कणी आणि भात घालत होता. तुमच्या डॉक्टरांचं निदान इथे चपखल बसतं. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-3, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. किलोमागे कोंबडीला 35 मिलिग्रॅम पुरत असेल तर बदकाला 55 धरतात. ते कमी पडलं की पाय वाकतात, ढोपरं सुजतात, पिल्लू बसून राहतं. सडून कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळात ते फारसं उरतच नाही. नुसतं कोंबडीचं खाद्य घातलं तरी बदकाला कमीच पडू शकतं.

यावरून एक जुनी हकिगत आठवते, हिशेबाच्या माणसाला आवडेल अशी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर ख्रिस्तिआन आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या हातापायांतली ताकद नेणाऱ्या रोगाचं कारण शोधत होते. त्यांच्या कोंबड्या अचानक पायांतून गेल्या, आणि काही महिन्यांनी तशाच अचानक बऱ्या झाल्या. शोध घेतल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला, सडून पांढऱ्या केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात सिव्हिल कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि कोंबड्या परत साध्या असड, म्हणजे कोंडा न काढलेल्या, तांदळावर आल्या. तिथे उणीव बी-1 ची होती, तुमच्याकडे बहुधा बी-3 ची आहे. पण महागडा तांदूळ थांबला आणि स्वस्त तांदळाने पाय परत आले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आइकमानना 1929 मध्ये नोबेल मिळालं. आचाऱ्याचं नाव कुठे वाचल्याचं आठवत नाही.

तेव्हा क्लिनिकला फोन करून एवढंच विचारा: पाच दिवसांत तुम्ही असं काय कराल जे मला घरी जमणार नाही? उत्तर 'इंजेक्शनं, नळीने भरवणं, श्वासाचा त्रास आहे' असं आलं तर त्या पैशाला अर्थ आहे. 'ऊब, खाद्य, औषधाचे थेंब आणि देखरेख' असं आलं तर ते सगळं घरी होतं. त्याचा खर्च मी मांडून बघितला.

60 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब आणि होल्डर, 150 रुपये. एलईडी लावू नका, तो उजेड देतो, ऊब देत नाही. या वयाच्या पिल्लाला 29 अंशांच्या आसपास ऊब लागते, आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. त्यासाठी साधा थर्मामीटर, 150. बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला लावा, गरम झालं तर त्याला सरकता आलं पाहिजे. दिवसभर जळला तरी रोज दीड युनिटही होत नाही. सगळे आकार धरून युनिटला 10 रुपये लावले तर 15 दिवसांचे 216. खाद्य पाच किलो, 250. बी-3 साठी ब्रुअर्स यीस्टची पावडर 350 पर्यंत, प्रमाण डॉक्टरांना विचारून. पाव फुगवायचं यीस्ट वेगळं, ते चालत नाही. खाली वर्तमानपत्र घालत असाल तर आजच काढा, त्यावर पाय घसरून आणखी फाकतात. जुना टॉवेल घाला, तो फुकट आहे. लाइट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, पण त्यात त्याला उतरता येऊ नये. आईविना वाढणाऱ्या पिल्लाच्या पिसांना तेल नसतं, ते भिजून गारठतं. बदकं पोहतात म्हणून मुलगी त्याला टबात सोडायला बघेल, इतक्यात नाही.

बेरीज 1,116 रुपये.

खाद्याबद्दल दुकानदार सांगेल की 50 किलोचं पोतं घ्या, किलोमागे आठ-दहा रुपये वाचतील. वाचवू नका. हा कोकणातला पावसाळा आहे, पोत्याच्या तळाला बुरशी धरते, आणि बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदकाची पिल्लं फार लवकर बळी पडतात. 1960 मध्ये इंग्लंडात बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने लाखावर टर्की मेल्या, बदकाची पिल्लंही गेली, तेव्हाच हे विष माहीत झालं. पाच किलो घट्ट झाकणाच्या डब्यात, संपलं की परत पाच किलो.

आणखी एक, हे पैशाचं नाही. आठवड्यात तीन पिल्लं गेली हे सरकारी डॉक्टरांना सांगितलंय ना? नसेल तर आजच सांगा, 1962 वर फोन केला तरी चालेल. कमतरता एक गोष्ट, साथ दुसरी. 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला तो देशातला पहिला होता. बदकं तो रोग लक्षणं न दाखवताही बाळगू शकतात. घाबरवत नाही, पण मुलीला पिल्लाला हात लावला की साबणाने हात धुवायची सवय आजपासूनच लावा.

आता जो आकडा तुमच्या पत्रात कुठेच नाही त्यावर येतो. तुम्ही दोघंही, लाडू गेला तर किती पैसे बुडतील, यावर भांडताय. तो वाचला तर? मोठं बदक रोज दीडशे-एकशेसत्तर ग्रॅम खातं. वर्षाला साठेक किलो, किलोला 40 धरले तर 2,400. बदक एकटं राहत नाही, झुरतं. म्हणजे जोडीला दुसरं आलं, 4,800. परसात गोगलगायी, किडे, घरातला भाजीपाला खाऊन हा आकडा बराच खाली येईल, पण जाळीचं खुराडं लागेल, कारण तुमच्याकडे मुंगूस आणि भटकी कुत्री दोन्ही आहेत. बदक आठ-दहा वर्षं सहज जगतं. आठ वर्षांचे होतात 38,400. अंडी मिळतील म्हणाल तर खाकी कॅम्पबेल जातीची मादी वर्षाला अडीचशे-तीनशे देते खरी, पण बाजारातलं पिल्लू कुठल्या जातीचं कोण जाणे, आणि नर निघण्याची शक्यता अर्धी. पायात कायमचा दोष राहिला तर त्याला मोकळं सोडताही येणार नाही. हौसेने पाळलेल्या प्राण्यांचे विमे मिळतात ते बहुतेक कुत्र्या-मांजरांचे, आणि लाडूचं बिल आयकरातल्या आरोग्यविम्याच्या वजावटीत बसत नाही.

म्हणून आज रात्री तुम्ही दोघं बसा आणि साडेसात हजारांचा विषय बाजूला ठेवून एवढंच ठरवा: आपल्या परसात पुढची आठ वर्षं दोन बदकं हवीत का? हो असेल तर महिन्याला चारशे रुपयांचं एक नवं पाकीट घरात सुरू होईल. 41,000 मध्ये ते बसतं. नको असेल तरी पिल्लाला बरं करा, पण ज्यांच्याकडे आधीच तळं आणि बदकं आहेत असं घर आतापासून शोधा, आणि मुलीला ते आधीच सांगा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो: इथून पुढे एकूण 3,000, त्याच्या वर एक रुपयाही नाही. त्यातले 1,116 घरच्या सोयीला, उरलेले सरकारी दवाखान्याच्या फेऱ्या आणि औषधाला. क्लिनिकने फोनवर खरंच वेगळं काही सांगितलं तर तिथेही याच मर्यादेत एखादा दिवस. हे पैसे गणपतीसाठी बाजूला काढलेल्या 9,000 मधून घ्या. यंदा मखर जुनंच. खर्च 'औषधपाणी' खाली लिहू नका, मुलीच्या नावाखाली लिहा. तिच्या वाढदिवसाला गेल्या वर्षी 6,000 गेल्याचं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा घरात कोणी बासष्ट कशाची गणितं घातली नव्हती.

गल्ला फोडू नका. पण तिचे पैसे साफ नाकारूही नका, ती मनापासून देतेय. शंभर रुपये घ्या आणि तिच्यादेखत थर्मामीटरला लावा.

तिला एक वही द्या. रोज सकाळी भरवण्याआधी लाडूचं वजन, किती खाल्लं, उभं राहायचा प्रयत्न केला का, तारीख घालून. नायसिनचीच उणीव असेल तर थोड्या दिवसांत पायांत फरक दिसायला लागतो. उशीर झाला असेल तर वाकलेलं हाड सरळ होत नाही. दोन दिवस लागोपाठ वजन उतरलं, किंवा पाणी प्यायचं थांबलं, की वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तेव्हा ते 'त्रास वाढवण्यात अर्थ नाही' म्हणाले तर त्यांचं ऐका, आणि त्या दिवशी मुलीला शाळेत पाठवून परस्पर काही करू नका. तिला विचारून, सांगून.

वजनासाठी वेगळा काटा घ्यायची गरज नाही, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा चालेल. फक्त त्यावर परत कणीक मोजू नका.