अक्षरजुळणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मंडळाची स्मरणिका वर्डमध्ये करतोय. ए-फोर कागद, दोन रकाने, १४ पॉइंट. ‘जस्टिफाय’ केलं (ओळींच्या दोन्ही कडा सरळ केल्या) की शब्दांमध्ये मोठाल्या फटी पडतात. अक्षरांतलं अंतर वाढवून पाहिलं, तर शिरोरेषाच तुटली. उपाय काय?

अक्षरांतलं अंतर आधी शून्यावर आणा. रोमन लिपीत ते थोडं ताणलं तरी खपून जातं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात.

फटींचं मूळ रकान्याच्या रुंदीत आहे. ‘महानगरपालिकेच्या’सारखा शब्द ओळीत मावला नाही की अख्खाच खाली जातो आणि उरलेली जागा वरच्या चार शब्दांत वाटली जाते. ओळीत आठ-दहा शब्द बसत असतील तर जस्टिफाय शोभतं. तुमच्या रकान्यात १४ पॉइंटने जेमतेम पाचेक बसत असतील. टाइप ११.५ करा, ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ १७ ठेवा. त्याहून कमी केलंत तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. तरीही फटी राहिल्या तर सरळ डावीकडून जुळवा. उजवी कड मागेपुढे दिसली तर बिघडत नाही, फटींपेक्षा ती बरी.

हाताने संयोगचिन्ह घालून शब्द मात्र तोडू नका. पुढे एखादा शब्द वाढला की ते चिन्ह ओळीच्या मधोमध येऊन बसतं आणि मुद्रितशोधनात हमखास सुटतं.

दोन-तीनच शब्दांची ओळ रकानाभर ताणली जात असेल, तर तिच्या शेवटी एंटरऐवजी शिफ्ट-एंटर असणार. इतरत्रून चिकटवलेल्या मजकुरात हे नेहमीचंच. ‘रिप्लेस’च्या ‘स्पेशल’ यादीतून मॅन्युअल लाइन ब्रेक शोधा, त्या जागी पॅराग्राफ मार्क घाला. कविता असेल तर ती वगळून.

प्रश्न : इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं फुटतात. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

पॅराग्राफ स्टाइलमध्ये ‘जस्टिफिकेशन’खाली कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) असतो, तिथे ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. मग कॅरेक्टर स्टाइलची नव्हे, त्याच पॅराग्राफ स्टाइलची भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. नसेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या; मोफत आहे आणि त्यात मराठी वळणंच मूळ धरली आहेत.

‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालाय का तेही पाहा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ही चूक लपून बसते.

प्रश्न : एकरंगी पुस्तकात अनुस्वार पुसट, दुहेरी का छापले गेले?

वर्डमधून काढलेल्या पीडीएफमधलं काळं छपाईसाठी बदलताना चार रंगांचं मिश्रण होऊ शकतं. मग प्रत्येक रंगाची छपाईची प्लेट वेगळी असते; त्या केसभर सरकल्या की बारीक टिंबं आधी बिघडतात. एकाच काळ्या प्लेटवर छापलं तर तेच मिश्रण करड्या ठिपक्यांत उतरतं. अॅक्रोबॅट प्रोच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’त काळी प्लेट बंद करून पाहा : मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. मागे काही उरलं, तर फाइल छापखान्यात देऊ नका.