आमेनच्या आधी पोचणारी बातमी
बाप्तिस्मा झाला म्हणून जीभ लगेच ताब्यात येईल असं समजू नकोस. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा 3रा अध्याय सावकाश वाच. बोलण्यात न चुकणाऱ्याला तो परिपूर्ण म्हणतो. उपासाचं तिथं नावही नाही.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे प्रार्थनेची विनंती. "अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा हं, सून माहेरी गेलीया..." झालं! आमेन म्हणेपर्यंत बातमी खानापूरला पोचते. ज्याचं दुखणं त्याला विचारल्याशिवाय नाव घेऊ नकोस. "एका कुटुंबासाठी" एवढं पुरे, देवाला पत्ता माहीत आहे.

मग 1 नोव्हेंबर येतो. कन्नड राज्योत्सव आणि आपला, सीमाभागातल्या मराठी माणसांचा, काळा दिन, एकाच दिवशी. सीमाप्रश्नावर मत जरूर ठेव, मलाही आहे. पण कन्नड उपासनेला येणाऱ्या भावाबद्दल चहाच्या गाड्यावर जे बोलतोस, ते त्याच्या तोंडावर बोलशील का? त्याच अध्यायाचं 9वं वचन बघ: ज्या जिभेनं देवाची स्तुती करायची, तिनंच त्याच्या प्रतिरूपाच्या माणसाला शाप द्यायचा!

आणि अबोला धरणं म्हणजे संयम नव्हे. तसले आपल्यात कमी नाहीत. खटकलं तर त्या माणसाला एकट्याला गाठून बोल, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.